टॉस फेलनचं नाक

मंडळी, एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. किल्केनी शहर माझ्याएवढं कुणालाही ठाऊक नाही! किल्ल्याच्या कुठल्या खिडकीतून नदी दिसते, गोल मनोऱ्यावर चढताना कितव्या पायरीला पर्यटक देवाचं नाव घेतात, बटर स्लिपच्या बोळात उंच माणसाचं डोकं कुठे आपटतं, सगळं मला तोंडपाठ. त्यामुळे शहर दाखवणाऱ्या गाइडच्या परीक्षेला बसायचं ठरलं तेव्हा मी डिम्फ्नाला म्हणालो, "अभ्यास कसला करायचा? परीक्षा घेणाराच माझ्याकडून चार गोष्टी शिकून जाईल!"

डिम्फ्ना म्हणजे माझी बायको. ती इस्त्री करत होती. मान वर न करता म्हणाली, "शिकव हो. पण नापास झालास तर सोमवारी सकाळी आठ वाजता मॅलाकीकडे जायचं. मी त्याला शब्द दिलाय."

मॅलाकीकडे! देवा रे!

मॅलाकी होरन हा डिम्फ्नाचा भाऊ. त्याचा धंदा अंत्यविधीचा. शवपेट्या, काळी लांब गाडी, आणि सेंट फियाकच्या गल्लीत अंत्यदर्शनाची एक मोठी खोली. हाय स्ट्रीटवरच्या ज्या दुकानात मी तीस वर्षं टोप्या विकल्या ते जानेवारीत बंद पडलं, तेव्हापासून हा माणूस माझ्या मागे लागला होता. "कॅनिस, तुझ्याकडे काळा ओव्हरकोट आहे. चेहरा मुळातच पडलेला आहे. आणखी काय लागतं या कामाला?"

आणखी काय लागतं? मेलेल्या माणसाकडे बघण्याची हिंमत लागते! ती माझ्यात नाही. अजिबात नाही. लहानपणी मला आजोबांच्या कपाळाचा पापा घ्यायला उचललं होतं. मी इतक्या जोरात किंचाळलो की शेजारची दोन माणसं धावत आली. तेव्हापासून आजतागायत मी एकही मृतदेह पाहिलेला नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग अंत्यदर्शनाला जातच नसशील. छे हो! किल्केनीत राहून अंत्यदर्शनाला न जाणं म्हणजे जिवंतपणी बदनाम होणं. मी चारशे तरी ठिकाणी गेलो असेन. रांगेत उभं राहायचं, घरच्यांचा हात हातात घ्यायचा, "तुमच्या दुःखात सहभागी आहे" म्हणायचं आणि पेटीजवळ आलं की नजर वर. लोकांना वाटतं, काय हा भाविक माणूस! शहरातल्या प्रत्येक अंत्यदर्शनाच्या खोलीचं छत मी बिनचूक सांगू शकतो. मॅलाकीच्या छताला ओलीचा एक डाग आहे. सशासारखा दिसतो.

तर परीक्षा शनिवारी. नियम असा की तुम्ही खरोखरच्या पर्यटकांना शहर दाखवायचं आणि परीक्षक ओळख न देता त्यांच्यातच मिसळून यायचा. बरोब्बर अकरा वाजता किल्ल्याच्या फाटकाशी माझी चार माणसं उभी होती. अमेरिकेहून आलेल्या लोरेनबाई, जाड भिंगांचा चष्मा आणि अखंड बडबड. उवे आणि गिझेला हे जर्मन जोडपं, दोघांच्या अंगावर एकसारखी पिवळी जाकिटं. आणि चौथा एक करड्या रेनकोटातला गृहस्थ. नाव सांगेना, हसेना, बोलेना. हातात मात्र छोटी वही आणि पेन्सिल!

मी मनात म्हटलं, हाच तो! माझा कर्दनकाळ!

सुरुवात झकास झाली. मी बोलत होतो आणि करडा रेनकोट लिहीत होता. मी एखादं साल सांगितलं की तो मान वर करून माझ्याकडे असा बघायचा की मला घाम फुटायचा. त्याला खूश करायला मी शेवटी एक पुडी सोडली.

"आणि आता शेवटचं, सगळ्यात खास ठिकाण! सेंट फियाकचं जुनं चर्च. तिथे सहाशे वर्षांपासून एक सरदार उताणा पडलाय. दगडाचा! त्याचं नाक लोकांनी हात लावून लावून गुळगुळीत केलंय. जो कुणी त्या नाकाला हात लावतो, तो किल्केनीला परत येतोच येतो!"

सरदार खरा. नाकाची गोष्ट मी तिथल्या तिथे रचली होती.

"अय्या!" लोरेनबाई म्हणाल्या. "मी दोनदा लावीन!"

करड्या रेनकोटाने लिहून घेतलं. मी छाती फुगवून सेंट फियाकच्या गल्लीत वळलो, आणि जागच्या जागी थिजलो.

अख्खी गल्ली माणसांनी भरलेली! दोन्ही भिंतींना खांदे लागलेले, काळे कोट, छत्र्या, हलक्या आवाजातली कुजबुज. रांग मॅलाकीच्या दारातून निघून आमच्यापर्यंत पोचलेली. चर्चचं फाटक त्या दाराच्या पलीकडे!

आमच्याकडे रोज सकाळी रेडिओवर कोण कोण गेलं त्यांची नावं वाचतात. सगळं शहर चहाचा कप हवेत धरून ऐकतं. मी मात्र तीच वेळ अंघोळीला ठेवलेली आहे. त्यामुळे आज कोण गेलं याचा मला पत्ता नव्हता.

मागे फिरावं म्हणून मी वळतोय तोच माझ्या दंडाला चिमटा बसला.

"कॅनिस टायनन! आलास? शहाणा गं बाई माझा! शर्टाचं वरचं बटण लाव."

मिस अट्रॅक्टा डीगन! शाळेत मला इतिहास शिकवायच्या. वय सत्तरीच्या पुढे, पण पकड सांडशीची. त्यांच्यापुढे आजही माझे पाय जुळतात. मी बटण लावलं.

"टॉसला किती बरं वाटलं असतं," त्या म्हणाल्या.

टॉस फेलन! म्हणजे टॉस गेला! सव्वासात नंबरची टोपी. तीस वर्षं दर हिवाळ्यात माझ्याकडून एक टोपी न्यायचा आणि दर उन्हाळ्यात ती हर्लिंगच्या सामन्यात हवेत उडवून हरवायचा. मला फार वाईट वाटलं. पण आता सांगा, अशा वेळी मिस डीगनना तोंडावर कसं म्हणायचं, की बाई, मी टॉससाठी आलेलो नाही, मी आपला पर्यटकांना घेऊन दगडाचं नाक दाखवायला निघालोय? किल्केनीत जन्मलेल्या माणसाच्या जिभेवर ते वाक्य येऊच शकत नाही!

"ऐकलं तसा निघालो," मी म्हणालो.

"आणि ही पिवळी माणसं?"

"तीही... ऐकलं तशी निघाली."

तेवढ्यात उवे गिझेलाशी जर्मनमध्ये काहीतरी बोलला, आणि मिस डीगननी डोळ्याला रुमाल लावला. टॉस तरुणपणी बारा वर्षं जर्मनीत, हॅम्बुर्गला, रस्त्यांच्या कामावर होता, हे मला तेव्हा आठवलं नाही. त्यांना आठवलं. "हॅम्बुर्गची माणसं आली!" असं त्या पुढच्या बाईच्या कानात बोलल्या, आणि ते वाक्य रांगेतून पुढे पुढे दारापर्यंत गेलं. लोक वळून वळून उवे-गिझेलाकडे कौतुकाने बघू लागले. कुणीतरी त्यांच्या डोक्यावर छत्री धरली.

"ही रांग सरदाराची का हो?" उवेने विचारलं.

करड्या रेनकोटाने पेन्सिल वर केली आणि माझ्याकडे टक लावून पाहिलं. खरं सांगावं तर परीक्षा गेली. सोमवार, आठ वाजता! गार पाय, पांढरी चादर आणि मी!

"हो," मी म्हणालो. "सरदाराचीच!"

"बापरे, एवढी लोकप्रिय जागा!" गिझेला म्हणाली.

माझ्या डोक्यात बेत तयार होता. मॅलाकीच्या खोलीला मागे एक दार आहे, ते थेट चर्चच्या अंगणात उघडतं. आत शिरायचं, सशाच्या डागाकडे बघत चालायचं, मागच्या दाराने चौघांना बाहेर काढायचं आणि खरा सरदार दाखवायचा. कुणाला कळणारसुद्धा नाही! फक्त त्या दाराशी जायला पेटीला वळसा घालावा लागणार होता.

अर्ध्या तासाने आम्ही आत पोचलो. डावीकडच्या खुर्च्यांवर घरची माणसं. पहिल्याच खुर्चीवर टॉसची बायको नॅनबाई, ताठ, कोरड्या डोळ्यांची, हातात जपमाळ. तीन दिवसांत ती रडलीही नाही, बोललीही नाही, असं मिस डीगन बाहेर सांगत होत्या.

"तुमच्या दुःखात सहभागी आहे," मी म्हणालो आणि लगेच वर बघितलं. ससा जागेवर होता.

माझ्या मागून लोरेनबाईंनीही नॅनबाईंचा हात धरला. त्यांना वाटलं, इथे आत शिरताना असंच म्हणायची पद्धत असावी. "तुमच्या दुःखात सहभागी आहे! किती सुंदर जागा आहे तुमची! रोज एवढी गर्दी असते?"

नॅनबाईंनी पहिल्यांदा मान वर केली.

मी लोरेनबाईंना पुढे ओढलं. आता पेटी कुठेतरी माझ्या उजव्या हाताला होती. मेणबत्त्यांचा वास येत होता. मी छताकडे बघत एक एक पाऊल टाकत होतो. चौघे माझ्या मागे होते आणि त्यांच्या मागे अख्खी रांग.

"हाच का तो?" गिझेला कुजबुजली.

"हो, हो, चला!"

"पण याने टाय बांधलाय!"

"सहाशे वर्षांपूर्वी टाय?" उवेने विचारलं.

मागे पेन्सिलीची खरखर ऐकू आली. "डागडुजी केलीये," मी म्हणालो. "अलीकडेच."

"इतका जिवंत वाटतो!" लोरेनबाई चष्म्यावरचं पावसाचं पाणी पुसत म्हणाल्या. "अगदी घरातला माणूस! कॅनिस, आधी तुम्ही नाकाला हात लावून दाखवा ना."

"मी नंतर..."

"नाही, नाही! गाइडने आधी!"

रांग थांबली होती. नॅनबाई बघत होत्या. करडा रेनकोट बघत होता. सुटका नव्हती. मंडळी, भीतीने माणसाचं काय होतं ते मला विचारा! जीभ टाळ्याला चिकटते, कानात शिट्ट्या वाजतात आणि आपला स्वतःचा हात दुसऱ्याच कुणाचा तरी असल्यासारखा पुढे जातो. मी डोळे गच्च मिटले. मनात म्हटलं, गार असेल, दगडासारखं असेल, एक सेकंदाचं काम आहे. हात खाली नेला. चाचपडलो. सापडलं! मोठं, मांसल, गाठाळ नाक!

पण ते गरम होतं!

आणि ते फुरफुरलं!

"जिवंत आहे!" मी बोंबललो. "टॉस जिवंत आहे! श्वास घेतोय!"

काय हलकल्लोळ उडाला म्हणता! रांगेतली दोन माणसं गुडघ्यांवर बसली. एकाने दाराकडे धूम ठोकली आणि त्याच्या धक्क्याने फुलांचं चक्र घरंगळत गल्लीत गेलं. बाहेरच्यांनी "उठून बसला! उठून बसला!" म्हणून ओरडा सुरू केला. आणि त्या सगळ्या गोंधळावर नॅनबाईंचा आवाज आला, तीन दिवसांतला पहिला.

"उठला? अरे देवा, मी शंभर माणसांच्या जेवणाचं हॅम कापून ठेवलंय!"

मी अजूनही नाक सोडलेलं नव्हतं. भीतीने बोटं आकडली होती.

"कॅनिस," ते नाक गेंगाण्या आवाजात म्हणालं, "हात काढ. मूर्खा, हात काढ!"

मी एक डोळा उघडला. माझ्या चिमटीत माझ्या मेहुण्याचं, मॅलाकी होरनचं नाक होतं! टॉसच्या गळ्याभोवतीचा काळा-पिवळा मफलर सरळ करायला तो बिचारा पेटीवर वाकला होता.

मी हात काढला. मॅलाकी नाक चोळत उभा राहिला. ते आता चांगलंच लाल झालं होतं. मला वाटलं, जमीन दुभंगेल तर बरं. परीक्षा गेली, इज्जत गेली, आणि एका विधवेच्या दुःखाचा मी तमाशा केला. मला खरोखर रडू यायला लागलं.

तेवढ्यात लोरेनबाई पुढे झाल्या. त्यांना वाटलं, हे सगळं कार्यक्रमातलंच असणार. त्यांनी वाकून टॉसच्या नाकाला हळूच हात लावला आणि डोळे मिटून म्हणाल्या, "मला परत यायचंय." मग उवेने लावला. मग गिझेलाने. मग करड्या रेनकोटाने टोपी काढून, फार आदराने.

त्यांच्या मागे चीज विकणारा ओशिन होता. तो क्षणभर घुटमळला. आता हॅम्बुर्गहून आलेली माणसं एवढ्या मायेने निरोप घेतात आणि आपण शेजारी असून नुसतंच पुढे जायचं? बरं दिसतं का? त्यानेही नाकाला हात लावला. त्याच्या मागच्या बाईने लावला. मग काय, कुणाचीच मागे राहायची तयारी नव्हती! एकामागोमाग एक, अख्खी गल्ली टॉसच्या नाकाला हात लावू लागली.

आणि नॅनबाई हसायला लागल्या. आधी खांदे हलले, मग आवाज फुटला, मग डोळ्यांतून घळाघळा पाणी. "तीन वेळा मोडलं होतं ते नाक," त्या म्हणाल्या. "तिन्ही वेळा हर्लिंगच्या मैदानात, टिपररीच्या माणसांनी. एकावन्न वर्षं मी त्याला नावं ठेवली! घोरायचा, घर हलायचं!" त्या उठल्या, पेटीपाशी आल्या आणि त्यांनी ते नाक बराच वेळ हातात धरून ठेवलं. खोलीत आता सगळेच रडत होते आणि हसत होते.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "कॅनिस, तू मॅलाकीचं धरलंस. टॉसचं राहिलं."

"नॅनबाई, मला..."

"टोप्या कोण द्यायचं त्याला?"

मी छताकडे बघितलं. ससा काही मदत करेना. शेवटी मी मान खाली घातली आणि आजोबांनंतर पहिल्यांदा बघितलं.

टॉस होता. फक्त टॉस. भुवयांचे केस वाढलेले, ओठाच्या कोपऱ्यात तेच मिश्कील काहीतरी. टोपी नसल्यामुळे जरा अर्धवट वाटत होता. मी बोट टेकवलं. गार होतं. मांजराचं नाक असतं तेवढंच गार.

"एवढंच?" मी म्हणालो, आणि आडवा झालो.

शुद्धीवर आलो तेव्हा मी मॅलाकीच्या कचेरीत दोन खुर्च्यांवर पसरलो होतो आणि मिस डीगन मला वर्तमानपत्राने वारा घालत होत्या.

"माझे पर्यटक?" मी विचारलं.

"नॅनच्या घरी हॅम खाताहेत. हॅम्बुर्गच्या जोडप्याला टॉसची खुर्ची दिलीये बसायला."

"आणि परीक्षक? तो करडा रेनकोटवाला?"

"तो? तो हॉलंडचा आहे. दारांच्या कड्यांची चित्रं काढत हिंडतो. वही दाखवली त्याने आम्हाला, फार गोड काढतो." मिस डीगननी वर्तमानपत्राची घडी घातली. "परीक्षक मी आहे, कॅनिस."

मी उठून बसलो.

"तुझ्या फेरीत यायचं होतं मला," त्या म्हणाल्या. "पण टॉसच्या अंत्यदर्शनाची तीच वेळ. परीक्षा काय, पुढच्या शनिवारी घेता आली असती. म्हटलं, कॅनिसच्या लक्षात येईल, तोही फेरी रद्द करून इथेच येईल. आणि आलास तू! मला इतका आनंद झाला होता." त्यांनी सुस्कारा सोडला. "मग तू सहाशे वर्षांपूर्वीचा टाय सांगितलास."

"नापास?"

"इतिहासात शाळेतही नापासच होतास. पण माणुसकीत मी तुला पैकीच्या पैकी दिले असते."

"त्यावर गाइडचा बिल्ला मिळतो?"

"नाही," मिस डीगन म्हणाल्या.

दारात मॅलाकी उभा होता, नाकावर बर्फाची पिशवी धरून. "सोमवारी. आठ वाजता," एवढंच म्हणाला.

या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. मॅलाकीने कबूल केलं होतं की मला फक्त दारात उभं करील, आतलं काही बघावं लागणार नाही. मीही म्हटलं, ठीक आहे, छत्र्या घेऊ, रांग लावू, दिवस काढू. पण आमच्या शहरात एकदा एखादी गोष्ट चार शेजाऱ्यांनी केली की पाचव्याला ती करावीच लागते. टॉसनंतरच्या बुधवारी हेनेबेरींची म्हातारी गेली. तिच्या मुलाने मॅलाकीला फोन केला आणि जरा दबकतच विचारलं, "टॉस फेलनला झालं ते नाकाचं... आमच्या आईचंही होईल ना? नाही केलं तर लोक काय म्हणतील?"

झालं! आता प्रत्येकाच्या घरच्यांना ते हवं असतं. आणि नुसतं लोकांनी करून चालत नाही. ज्याने सुरू केलं त्यानेच पहिला हात लावायचा, असा आग्रह! गेल्या आठवड्यात चार झाली. काळा ओव्हरकोट घालून मी पेटीपाशी जातो, सगळं शहर श्वास रोखून बघत असतं, मी सशाकडे एकदा बघून घेतो, डोळे मिटतो आणि हात पुढे करतो.

मॅलाकी हल्ली माझ्यापासून चार पावलं लांब उभा राहतो.